‘बनगरवाडी’ वाचायला बसण्याआधी

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचं वय अवघं अठ्ठावीस होतं. पुस्तक लहानसं, सलग वाचलं तर एका दिवसात संपणारं. कथानक त्याहूनही लहान. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. हळूहळू तो वाडीचा होतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि शेवटी मास्तरही निघतो. एवढं कुठल्याही विद्यार्थ्याला सांगता येतं. त्यावर ‘प्रादेशिक कादंबरी’, ‘प्रथमपुरुषी निवेदन’ आणि ‘वाडी हाच नायक’ अशी तीन वाक्यं लिहिली की परीक्षेपुरतं उत्तर तयार होतं. ती तीनही वाक्यं खरी आहेत. पण तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या हाती गोष्ट लागते, कादंबरी मात्र निसटते.

याचं कारण माडगूळकरांच्या लिहिण्यात आहे. हा लेखक समजावून सांगत बसत नाही. धनगराला मेंढरू म्हणजे काय, पाऊस लांबला म्हणजे काय, संस्थानातला मास्तर म्हणजे काय, हे सगळं वाचकाला ठाऊकच आहे असं धरून तो लिहितो. १९५५च्या वाचकाला त्यातलं बरंचसं ठाऊक होतंही. आज पुण्या-मुंबईत किंवा लातूर-नागपूरला बसून ही कादंबरी वाचणाऱ्या मुलामुलींना ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून या पुस्तकाच्या बाबतीत पार्श्वभूमी हे प्रस्तावनेत उरकून टाकायचं प्रकरण नाही. ती माहीत असेल तरच लेखकाने न लिहिलेलं ऐकू येतं, आणि ‘बनगरवाडी’चा निम्मा जीव त्या न लिहिलेल्यात आहे.

आधी जमीन पाहू. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला यावं तसं आभाळ कोरडं होत जातं आणि माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. अडचण नुसत्या सरासरीचीही नाही. हा पाऊस बेभरवशाचा. एखाद्या साली दोन चांगले पाऊस पडतात आणि बाजरी साधते, एखाद्या साली पेरलेलं उगवून जळून जातं. शंभूमहादेवाच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा या मुलखातून वाहत पुढे पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते. पण ‘वाहते’ हे क्रियापद तिला वर्षातले थोडेच महिने लागू पडतं. माळरान, खुरटी बाभळ, बोरी, लिंब, मुरमाड जमीन आणि लांबवर दिसणारं क्षितिज, हा माणदेश.

अशा जमिनीवर नुसत्या शेतीने घर चालत नाही. चालतं ते मेंढरावर. मेंढरू खुरटं गवत खाऊन जगतं, चालत चालत पाण्यापर्यंत पोचतं, लोकर देतं, कोकरू देतं. लोकरीची घोंगडी होते. बागायतदाराच्या रानात रात्रभर मेंढरं बसवली की त्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. चारा संपला की कळप घेऊन मुलूख बदलायचा, पावसाच्या सुमाराला परत यायचं. बनगर हे धनगरांतलं आडनाव. तेव्हा बनगरवाडी म्हणजे या चक्रावर बेतलेली मूठभर घरांची वस्ती. हे डोक्यात ठेवून कादंबरीतला एक साधा तिढा पाहा. शाळा सुरू करायची तर पोरं हवीत, आणि पोरं मेंढरांमागे गेलेली असतात. मास्तर पोरं मागतो म्हणजे घरातला एक मेंढका मागतो. वाडीच्या कारभाऱ्याची भीड, त्याचा शब्द, मास्तरबद्दलचा त्याचा आधीचा संशय आणि मग त्याने केलेली मदत यांना वजन येतं ते यामुळे. ही अडवणूक अडाणीपणाची नव्हे, पोटाची आहे. आपण ती शिक्षणाविषयीच्या अनास्थेत ढकलून मोकळे झालो तर वाडीवर अन्याय होतो.

दुसरी गोष्ट राज्याची. ही वाडी इंग्रजी मुलखातली नाही, औंध संस्थानातली आहे. औंध हे छोटं संस्थान, तेही सलग नव्हे. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं, आणि आटपाडी त्याचाच एक तुकडा. तिथले शेवटचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनाचे रसिक होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी संस्थानाला राज्यघटना दिली आणि गावपंचायतींच्या हाती कारभार सोपवला. संस्थानिकांच्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. १९४८ साली संस्थान विलीन झालं.

आता कादंबरीतल्या तालमीकडे वळा. विद्यार्थी हमखास विचारतात, मास्तरला तालीमच का बांधावीशी वाटली? विहीर का नाही, दवाखाना का नाही, निदान शाळेची धड इमारत तरी का नाही? शरीर कमावणं हा ज्या राज्याचा जवळजवळ धर्म होता, तिथल्या तरुण मास्तरच्या डोक्यात तालीम येणं अगदी साहजिक आहे. शिवाय तालीम ही सगळ्या वाडीने मिळून, अंगमेहनतीने उभी करायची वस्तू. तिला सरकारी मंजुरीपेक्षा दगड, माती, लाकूड आणि माणसांचे हात जास्त लागतात. राजेसाहेब वाडीवर येतात तो प्रसंगही मग परीकथेसारखा वाटत नाही. एवढ्याशा संस्थानात राजा गावोगाव फिरे, लोक त्याला तोंडाने ओळखत. पुस्तकातल्या राजेसाहेबांवर भवानरावांची छाया स्पष्ट दिसते.

माडगूळकर स्वतः या संस्थानाचे. जन्म १९२७चा, माडगूळचा. कवी ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले भाऊ. शिक्षण बेताचं, लहान वयातच त्यांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, बेचाळीसच्या चळवळीत भाग घेतला, चित्रकला शिकले, मुंबईत सिनेमासाठी लिहिलं आणि पुढे पुणे आकाशवाणीत दीर्घकाळ काम केलं. ‘बनगरवाडी’च्या आधी, १९४९ साली, त्यांचं ‘माणदेशी माणसं’ आलं होतं. त्यातल्या धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली यांना शाळेच्या पुस्तकातून अनेकांनी ओळखलं असेल. या व्यक्तिचित्रांची सवय कादंबरीतही उतरली आहे. माणूस दिसला की त्याची चाल, त्याचा पटका, त्याची बसायची तऱ्हा दोन-तीन रेघांत उभी करायची आणि पुढे जायचं. चित्रकाराचा हात आहे हा. काय काढायचं यापेक्षा काय सोडायचं हे त्याला आधी कळतं.

इथून आपण पुस्तकाच्या घडणीत शिरू. पहिलंच प्रकरण नीट वाचा. पहाटेच्या अंधारात एक मुलगा एकटा माळावरून चालला आहे. आपल्याला त्याचं नाव लगेच कळत नाही आणि त्याच्या मनात काय चाललंय हेही फारसं सांगितलं जात नाही. वाट दिसते, अंधार दिसतो, उजाडत जातं, माळाचा आवाका ध्यानात येतो आणि मग वाडी दिसते. नेहमीच्या कादंबरीत लेखक आधी गावाचं वर्णन करतो आणि मग पात्राला गावात सोडतो. इथे चालणाऱ्याच्या पावलाच्या वेगाने प्रदेश उलगडतो. त्यामुळे वाचकही वाडीत परका म्हणूनच शिरतो, मास्तरइतकाच बावचळलेला. प्रथमपुरुषी निवेदनाचा हा खरा फायदा.

आणि हा ‘मी’ विलक्षण आहे. साधारणतः आत्मनिवेदनाच्या कादंबरीत ‘मी’ स्वतःबद्दल बोलत सुटतो. १९६३ साली आलेल्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आठवा. तिथे सगळं जग त्याच्या डोक्यातून गाळून येतं. सौंदणीकर मास्तर त्याच्या अगदी उलट. तो पाहतो, ऐकतो, नोंदवतो आणि स्वतःला मागे ठेवतो. त्याला राग आला, भीती वाटली, एकटेपणाने जीव कासावीस झाला, हे आपल्याला बहुतेक वेळा त्याच्या कृतीवरून ओळखावं लागतं. वाडीत मास्तर हा एकटाच लिहितावाचता माणूस. म्हणून त्याच्याकडे शाळेबाहेरची शंभर कामं येतात. कागद वाचायचा, अर्ज लिहायचा, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायचे, भांडण सोडवायला बसायचं. रामा बनगर त्याच्याकडे साठवलेले राणीछाप रुपये बदलून आणायला देतो, तो प्रसंग या दृष्टीने पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. आयुष्यभराची पुंजी नाण्यांत पुरून ठेवणाऱ्या माणसावर तो केवढा घाला होता! अशी पुंजी एका पोरसवदा मास्तरच्या हाती विश्वासाने ठेवणं म्हणजे काय, हे माडगूळकर कुठेही फोड करून सांगत नाहीत. निवेदक ‘माझ्यावर विश्वास बसला’ असं म्हणत नाही. नाणी हातात येतात, एवढंच.

सगळ्या कादंबरीत जो प्रसंग मी प्रत्येक विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा वाचायला सांगेन, तो शेकूच्या औताचा. रानात औत चालवायला बैलांची जोडी लागते. शेकूकडे एकच बैल आहे. पाऊस काही थांबून राहत नाही, वाफसा गेला की वर्ष गेलं. मग जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते आणि बैलाच्या जोडीने औत ओढते. हा प्रसंग दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यावर आसवांचा पाऊस पाडला असता, दारिद्र्यावर भाष्य केलं असतं, निदान मास्तरच्या तोंडी एक उसासा तरी घातला असता. माडगूळकर शरीर दाखवतात, जमीन दाखवतात, ओढ दाखवतात. ती बाई दयेला पात्र म्हणून येत नाही, ताकद म्हणून येते. आणि ती ताकद अशा जागी खर्ची पडते आहे याची लाज वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते. साहित्यात ज्याला अलिप्तता म्हणतात, तिचा अर्थ मायेचा अभाव असा होत नाही, हे शिकवायला याहून चांगला पाठ मराठीत मला तरी माहीत नाही.

पात्रांच्या बाबतीतही हाच संयम. कारभारी म्हातारा आहे, शहाणा आहे, वाडीचा कणा आहे आणि कानाचा हलकाही आहे. त्याची मुलगी अंजी मास्तरला चोळी आणायला सांगते. मागणी निर्व्याज. पण दादू बालट्या ती गोष्ट कारभाऱ्याच्या कानी वेगळ्या रंगात घालतो आणि ज्याच्या आधारावर मास्तर वाडीत टिकून होता तो माणूस पाठ फिरवतो. शेदोनशे माणसांच्या वस्तीत परक्या तरुणाचं स्थान किती नाजूक असतं, हे एका चोळीच्या कापडावरून कळतं. आनंदा रामोशी हा असाच दुसरा. रामोशी म्हणजे एके काळचे गडकोटांचे, गावांचे राखणदार. इंग्रजी अंमलात त्यांचं काम गेलं, वतनं गेली, आणि राखणदाराच्या कपाळी चोराचा शिक्का बसला. १८३२ साली फाशी गेलेल्या उमाजी नाइकांचं बंड याच असंतोषातून पेटलं होतं. हा इतिहास कादंबरीत एका ओळीनेही येत नाही. पण तो माहीत असलेल्या वाचकाला आनंदा नुसता गमतीदार भुरटा वाटणार नाही. मुसलमान तरुण आयबू मास्तरचा सोबती होतो, तोही कुठल्या ऐक्याचा नमुना म्हणून नव्हे. वाडीत तो आहे, मोकळा आहे, मास्तरला माणूस हवा आहे, म्हणून.

रचनेबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, ‘यात कथानकच नाही, नुसते प्रसंग आहेत.’ वरवर पाहता तसं वाटतं खरं. पण प्रसंगांचा क्रम बारकाईने पाहिला तर त्यात मोठी योजना दिसते. आधी मास्तर एकटा आणि वाडी एकीकडे. मग एकेक माणूस जोडला जातो. मग सगळी वाडी मिळून एक वास्तू उभी करते, आणि तो आनंद पुरता उपभोगायच्या आत कारभारी जातो, पाऊस दगा देतो आणि जोडलेली माणसं एकेक करून पांगतात. पूर्वार्धात जे गोळा झालं ते उत्तरार्धात त्याच संथपणे विरतं. दुष्काळ खलनायकासारखा अचानक उडी मारून येत नाही. पहिल्या पानावरच्या उजाड माळात तो होताच. म्हणून शेवट धक्का देत नाही, तो आत उतरत जातो. तालीम उभी आहे आणि तिच्यात घुमायला पोरं नाहीत, यातली शोकांतिका लेखक शब्दांनी ठळक करत नाही, आणि ठळक न केल्यामुळेच ती टिकते.

भाषेचा मुद्दा विद्यार्थी बहुधा ‘ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर’ एवढ्यावर आटोपतात. थोडं पुढे जायला हवं. निवेदनाची भाषा प्रमाण मराठी आहे, साधी, आखूड वाक्यांची, विशेषणं मोजून वापरणारी. संवादांची भाषा माणदेशी. या दोन भाषांमधलं अंतर हेच मास्तर आणि वाडी यांच्यातलं अंतर आहे. पण निवेदनातही औत, मोट, कालवण, घोंगडं, पटका असे वाडीचे शब्द सहज येऊन बसतात, त्यांना अवतरणचिन्हांत ठेवून वेगळं काढलेलं नसतं. बोलीचा उपयोग इथे हसवण्यासाठी नाही, रंग भरण्यासाठीही नाही. माणसं तशी बोलतात म्हणून ती तशी बोलतात.

मराठी साहित्याच्या इतिहासात ही कादंबरी कुठे बसते? खेडं त्याआधी मराठी कादंबरीत आलं नव्हतं असं नाही. र. वा. दिघ्यांच्या कादंबऱ्यांत ते होतं, पण तिथे रोमांच आणि साहस यांचा सूर मोठा. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ची, कोकणाचा कस असलेली, पण ती एका जबरदस्त नायकाभोवती फिरते. नवकथेच्या पिढीत गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्याबरोबर माडगूळकरांचं नाव घेतलं जातं, आणि नवकथेचं कमी बोलून खोल जाण्याचं तंत्र त्यांनी कादंबरीत आणलं. राम देशमुखांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. चित्रपट चांगला आहे, पण पुस्तक वाचून झाल्यावरच पाहावा. कारण वाडीचा माळ आधी आपापल्या डोळ्यांनी उभा करणं हा या वाचनातला मोठा भाग आहे.

कौतुकाबरोबर मर्यादाही सांगायला हव्यात. अंजी पुरेशी उमलत नाही. ती मास्तरच्या नजरेच्या कडेलाच राहते. जमीन कुणाची, कर्ज कुणाचं, दुष्काळात राज्याने काय केलं, असे प्रश्न मास्तर विचारत नाही आणि कादंबरीही विचारत नाही. वाडीतल्या जातीपातीच्या उतरंडीकडे ती समजुतीने पाहते, संतापाने नाही. तो संताप १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त भडकून आला, आणि शेतमजुराच्या आतल्या जगाचा ठाव आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ने १९७१मध्ये त्याच्याच बोलीत घेतला. या दोन्ही कादंबऱ्या ‘बनगरवाडी’शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे प्रत्येकीने काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, ते समजतं. तरीही, माणसाला त्याच्या दारिद्र्यासकट सन्मानाने उभं करण्याच्या बाबतीत माडगूळकरांच्या पुढे कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

आज आटपाडी-सांगोल्याकडे गेलात तर डाळिंबाच्या बागा दिसतील. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी या पट्ट्यात आलं आहे. पण पाणी न पोचलेली रानंही आहेत आणि उन्हाळ्यात कळप घेऊन रस्त्याने चाललेले मेंढपाळही आहेत. जमलं तर जाऊन या. नाहीच जमलं तर निदान एवढं करा: गाइड बाजूला ठेवा, नकाशात माणगंगा शोधा आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा, संवाद तर नक्कीच मोठ्याने. शेकूच्या औताचा प्रसंग वाचून झाला की त्यात लेखकाने कोणतं वाक्य लिहायचं टाळलं, ते वहीत लिहून काढा. त्यानंतर परीक्षेचं उत्तर लिहायला बसा.